दस्तुरीच्या पुढचे माथेरान

नेरळहून घाट चढून आलेली प्रत्येक गाडी दस्तुरी नाक्यावर थांबते. मोटार असो, दुचाकी असो, मालाचा टेम्पो असो, त्यापुढे तिला परवानगी नाही. प्रवासी कराची पावती घ्यायची आणि बाजारपेठेपर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर पायी, घोड्यावर, हातरिक्षात किंवा अमन लॉज स्थानकातून सुटणाऱ्या शटलने गाठायचे. पाहुण्यांना यात गंमत वाटते. पण जरा बाजूला उभे राहून पाहिले, तर नाक्यावरचा खरा व्यवहार दिसतो. गॅसचे सिलिंडर, भाजीच्या पाट्या, दुधाचे क्रेट, सिमेंटच्या गोण्या, हॉटेलांच्या गाद्या, दवाखान्याची औषधे असे सगळे काही इथे उतरते आणि कोणाच्या तरी डोक्यावर, खांद्यावर, हातगाडीवर नाही तर घोड्याच्या पाठीवर चढते. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरचे, सात चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेले हे गाव असेच जगत आले आहे.

माथेरानचे जंगल टिकले ते मोटार वर आली नाही म्हणून, हे सगळेच मान्य करतात. मोटारीचे काम इतकी वर्षे कोणी केले, याची नोंद मात्र फार थोड्या ठिकाणी सापडते. माथेरानवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण त्यातले बहुतेक पॉइंटांवरून दिसणाऱ्या दृश्यांबद्दल आहे. मला इथे लिहायचे आहे ते पॉइंटांकडे पाठ करून ओझी वाहणाऱ्यांबद्दल आणि त्यांच्या श्रमावर उभ्या राहिलेल्या या रानातल्या वस्तीबद्दल.

छापील इतिहास सुरू होतो १८५० च्या मे महिन्यात. ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट यांचा तळ तेव्हा डोंगराच्या पायथ्याशी, चौक गावी होता. संध्याकाळच्या फेरफटक्यात ते डोंगर चढू लागले, वरची गर्द झाडी त्यांच्या मनात भरली, आणि ते पुन्हा आले ते गावच्या पाटलाला सोबत घेऊन. आज वन ट्री हिल म्हणतात त्या बाजूच्या घळीतून ते वर चढले आणि रामबागेच्या अंगाने खाली उतरले. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर ते परतले, वर झोपडी बांधली, पुढे घर बांधले. पाठ्यपुस्तकांत आणि पर्यटनाच्या माहितीपत्रकांत याला माथेरानचा ‘शोध’ म्हणतात.

चौकचा पाटील कलेक्टरसाहेबांना वाट दाखवू शकला, म्हणजे वाट होतीच. या डोंगरावर आणि उतारांवर धनगर, ठाकर आणि कातकरी यांचा वावर होता. धनगर गुरे घेऊन वर येत. ठाकरांच्या वाड्या डोंगराच्या सोंडांवर होत्या. मध, हिरडा, करवंदे, लाकूडफाटा आणि औषधी मुळ्या यांसाठी सगळे रान त्यांच्या पायाखालचे होते. चौक, पनवेल आणि नेरळ या तिन्ही बाजूंचे बाजार या वाटांनी जोडलेले होते. पिसारनाथाचे ठाणे आजच्या शार्लट तलावाच्या काठावर आहे, आणि माथेरानचे ग्रामदैवत तेच. कलेक्टरने पाहिले ते आधीपासून माणसांनी वापरलेले, सांभाळलेले रान होते.

पुढची गोष्ट भराभर घडली. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन १८५५ साली वर आले, त्यांनी आपल्या बंगल्यासाठी जागा निवडली आणि माथेरानला सरकारी मान्यता मिळाली. मुंबईतले साहेब, मग पारशी, बोहरा आणि गुजराती धनिक यांनी प्लॉट घेतले. लाल जांभ्याचे, रुंद व्हरांड्यांचे, उतरत्या कौलांचे बंगले झाडीत उभे राहिले. पॉइंटांना नावे मिळाली : लुईसा, अलेक्झांडर, गार्बट, हार्ट, पॅनोरमा. तलाव शार्लट झाला. डॉ. जे. वाय. स्मिथ यांनी १८७१ मध्ये माथेरानची माणसे, झाडे आणि प्राणी यांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये माथेरानला बरीच पाने मिळाली, कारण माथेरानचा कर्जत तालुका तेव्हा ठाण्यात होता. तो कुलाबा जिल्ह्याला जोडला गेला १८९१ मध्ये, आणि कुलाब्याचा रायगड झाला १९८१ मध्ये. हे सारे दस्तऐवज मोलाचे आहेत. झाडापानांची इतकी बारकाईची नोंद त्या काळात फार थोड्या गावांच्या वाट्याला आली. पण त्यांतली स्थानिक माणसे बहुधा जातीच्या किंवा जमातीच्या नावाने येतात आणि तशीच जातात. साहेबाच्या मेण्याला खांदा देणाऱ्या एकाही माणसाचे नाव कुठल्या पॉइंटला नाही.

याच काळात डोंगराखाली दुसरे काही घडत होते, आणि ते माथेरानच्या इतिहासात सांगितले गेले पाहिजे. ठाणे-कुलाब्याच्या जंगलपट्टीत भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची रीत आहे. ऐनाचे टहाळे, पालापाचोळा, शेण जमिनीवर पसरून पेटवायचे आणि त्या राखेत भात पेरायचा. ठाकर-कातकरी उतारांवर दळी लावत, म्हणजे झाडोरा भाजून त्या जागेवर नाचणी-वरी पिकवत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जंगल खात्याने हद्दी आखल्या, राबाच्या टहाळ्यांवर आणि दळीवर निर्बंध आले, आणि दोन्ही जिल्ह्यांत असंतोष इतका वाढला की सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. मुंबई फॉरेस्ट कमिशनचा अहवाल १८८७ चा आहे. रानाच्या माथ्यावर सुटी घालवण्यासाठी बंगले उभे राहत होते आणि त्याच रानाच्या उतारांवर पोटासाठी टहाळा तोडणारा गुन्हेगार ठरत होता. दळी बंद झाल्यावर नाचणीची कसर मजुरीने भरून काढायची, तर सर्वांत जवळची मजुरी वरच होती. मेणे उचलायचे, तट्टे हाकायचे, पाणी भरायचे, बंगल्यांची कौले चाळायची, दूध-गवत-लाकूड पोचवायचे. आजचा हमाल आणि आजचा हातरिक्षावाला या कामांचे थेट वारसदार आहेत.

मग आली गाडी. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा लावला आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम तडीस नेले. एकदा नेरळला उतरल्यावर वर जायला ना मेणा मिळाला ना तट्टू, तेव्हा आदमजींनी रेल्वे बांधायचे मनावर घेतले, अशी कथा माथेरानकर आजही सांगतात. १९०४ मध्ये काम सुरू झाले आणि २२ मार्च १९०७ रोजी दोन फूट रुंदीच्या रुळांवरून गाडी धावू लागली. खर्च आला सोळा लाख रुपये. जवळजवळ २१ किलोमीटरच्या या मार्गात चढ जागोजागी विसास एक इतका आहे आणि वळणे अशी, की शेवटच्या डब्यातल्या माणसाला इंजिन समोरून येताना दिसावे. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही मधली स्थानके. वाफेची छोटी इंजिने जर्मनीहून आणली होती आणि वळणावर चाके सरकावीत म्हणून त्यांचे आस खास रचनेचे होते.

या गाडीच्या डब्यांवर पुष्कळ वर्षे ब्रेकमन असत. उतारावर गाडी रोखून धरायला एकट्या इंजिनाचा ब्रेक पुरत नसे. म्हणून ही माणसे चालकाच्या शिटीच्या इशाऱ्यावर हाताने चाक फिरवून ब्रेक आवळत किंवा सैल करत. वळण आले की सगळ्यांनी मिळून, त्याच क्षणी, हवा तेवढाच दाब द्यायचा. एकाने जास्त आवळला तर चाके घसरत, कमी आवळला तर डबा पुढच्याला ढकलत असे. शंभराहून अधिक वर्षांच्या या गाडीच्या कौतुकात इंजिनांचे फोटो छापले जातात, ब्रेकमनचा हात फोटोत येत नाही.

गाडीने माथेरान मुंबईकरांच्या आवाक्यात आणले आणि सीझनचे गाव जन्माला आले. ऑक्टोबर ते मे धामधूम आणि पावसाळ्यात शुकशुकाट. इथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. पावसाळ्यात गाडी बंद असे, तेव्हा आगोटीची बेगमी हे मोठेच काम होते. तांदूळ, डाळ, सुकी मासळी, रॉकेल, सरपण हे सगळे पाऊस पडायच्या आत वर चढवायचे. भिंतींना पावसाचा मारा लागू नये म्हणून झापे बांधायचे. त्यांच्या जागी आता निळे प्लास्टिक आले आहे, पण मे महिन्याच्या शेवटी घराघरांवर ते चढवण्याची लगबग तीच आहे. २६ जुलै २००५ च्या पावसाने रुळांखालची मातीच वाहून नेली आणि गाडी मार्च २००७ मध्ये परत सुरू झाली. २०१६ मध्ये डबे घसरल्याने ती पुन्हा थांबली. २०१९ च्या पावसाने मार्ग पुन्हा उखडला आणि नेरळपासूनची सेवा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडले. अशा प्रत्येक खंडात दस्तुरीवरचे ओझे वाढले, म्हणजे माणसांच्या डोक्यावरचे वाढले.

रानाकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. माथ्यावर जांभ्याचा थर आहे, खाली काळा बेसाल्ट. जांभ्याची लाल माती पावसाचे पाणी शोषून घेते आणि कड्यांच्या पोटातून झऱ्यांवाटे सोडते. मॅलेट स्प्रिंग त्यांपैकीच एक. झाडी निमसदाहरित : जांभूळ, अंजनी, हिरडा, आंबा, पिसा, पारजांभूळ. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी फांद्या वर मिळतात आणि एप्रिलमध्येसुद्धा भर दुपारी ऊन जमिनीवर ठिपक्या-ठिपक्यांनीच उतरते. अंजनीला बहर येतो तेव्हा खोडाला आणि फांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ बिलगतात आणि वाटेवर निळा सडा पडतो. शेकरू, आपला राज्यप्राणी, या झाडावरून त्या झाडावर झेप घेताना दिसतो. त्याला जमिनीवर उतरायची गरज पडत नाही, कारण इथे रस्ता इतका रुंद कधी झालाच नाही की दोन बाजूंच्या फांद्या एकमेकींपासून तुटाव्यात. मोटार आली असती तर आधी रस्ता रुंद झाला असता, मग वळणे कापली गेली असती, मग पार्किंगसाठी झाडे. शेजारच्या डोंगरांवरच्या गावांनी हा क्रम पाहिला आहे.

या गावातून एक माणूस असा निघाला की त्याच्यासमोर सगळे पॉइंट थिटे पडावेत. विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानमध्ये, नाभिक कुटुंबात झाला. शिकून ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. पण त्यांचे काम डोंगराखालच्या शेतकऱ्यांत आणि आदिवासींत होते. सावकाराच्या कचाट्यातून कुळांना सोडवायला त्यांनी धान्यपेढ्या काढल्या. पावसाळ्याच्या तोंडी घरातले दाणे संपले की माणूस सावकाराच्या दारात जातो, दीडपट-दुपटीने फेडतो आणि जमीन गमावतो. पेढीतून धान्य मिळाले तर तो वाचतो, इतका साधा आणि मुळाला हात घालणारा हा विचार होता. गावोगाव त्यांनी शाळाही सुरू केल्या.

१९४२ च्या चळवळीत ते भूमिगत झाले आणि ‘आझाद दस्ता’ उभा राहिला. सह्याद्रीतल्या जलविद्युत केंद्रांतून मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे हे दस्त्याचे लक्ष्य होते. रात्री रान तुडवत जायचे, मनोऱ्याचे पाय कापायचे, उजाडण्याआधी पांगायचे. हे काम रानातल्या वाटा अंगवळणी पडलेल्या माणसांशिवाय शक्यच नव्हते. दस्त्यातली माणसे याच पट्ट्यातली होती. नेरळजवळच्या मानिवलीचे गोमाजी पाटील आणि त्यांचे पुत्र हिराजी पाटील त्यांत होते. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी दस्त्याला घेरले. हिराजी पाटील आणि भाई कोतवाल तिथेच हुतात्मा झाले. भाईंचे वय तीस होते. दरवर्षी २ जानेवारीला सिद्धगडावर माणसे जमतात. माथेरानला येणारे बहुतेक पाहुणे मात्र त्यांचे नाव न ऐकताच परततात, आणि हे मला फार लागते. गावाच्या प्रत्येक मार्गदर्शक फलकावर लुईसाच्या बरोबरीने कोतवालांचे नाव आणि काम लिहिलेले असले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर माथेरानला सर्वांत मोठे संरक्षण मिळाले ते ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने. केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा २१४.७३ चौरस किलोमीटरचा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. वर बांधकाम, झाडतोड, वाहने यांवर बंधने आली. मुंबई महानगर पनवेल-कर्जतपर्यंत पसरत असताना हा पट्टा हिरवा राहिला, याचे मोठे श्रेय या अधिसूचनेला आणि तिच्यासाठी न्यायालयात झगडलेल्या पर्यावरण कार्यकर्त्यांना आहे. ती ढिली करण्याचे प्रयत्न वारंवार होतात आणि ते हाणून पाडलेच पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

पण या संरक्षणाची किंमत सगळ्यांनी सारखी मोजलेली नाही. डोंगराच्या उतारांवर जुम्मापट्टी, आसलवाडी यांसारख्या आदिवासी वाड्या आहेत. तिथली माणसे सकाळी डोंगर चढून माथेरानला कामाला येतात आणि संध्याकाळी उतरतात. करवंदे-जांभळांच्या पाट्या घेऊन बाजारात बसणाऱ्या बायका याच वाड्यांतल्या. आजारी माणसाला झोळीत घालून पायवाटेने न्यावे लागते. रस्त्याची मागणी वर्षानुवर्षे आहे आणि ती जंगलाच्या नियमांत अडकते. श्रीमंताच्या बंगल्याची दुरुस्ती आणि वाडीची पायवाट एकाच नियमाने मोजली तर न्याय होत नाही. रुग्णवाहिका जाईल एवढा अरुंद, झाडे राखून केलेला रस्ता म्हणजे मोटारींना मोकळे रान नव्हे. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच डोंगररांगेत, चौकजवळ, इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे बेपत्ता राहिली. मदत करणाऱ्यांना अंधारात, भर पावसात पायवाटेने चढून जावे लागले. कलेक्टरचा तळ जिथे होता त्या चौकपासून हे ठिकाण फार दूर नाही.

वरच्या गावातही सगळे आलबेल नाही. २००१ च्या जनगणनेत माथेरानची लोकसंख्या ५,१३९ होती, २०११ मध्ये ती ४,३९३ झाली. मुंबईच्या इतक्या जवळचे, पर्यटनावर चालणारे गाव दहा वर्षांत आक्रसले. पुढच्या शिक्षणासाठी मुलांना खाली उतरावे लागते, अवघड दुखण्याला खाली न्यावे लागते, प्रत्येक वस्तूवर ओझ्याची मजुरी चढते. गावाने आपल्या परीने उपायही केले आहेत. हॉटेलांच्या ओल्या कचऱ्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राच्या निसर्गऋण तंत्रावरचा बायोगॅस प्रकल्प इथे उभारला गेला. गाड्या नसलेल्या गावात कचरा खाली नेणेही डोक्यावरचेच काम, त्यामुळे तो वरच जिरवणे शहाणपणाचे होते.

आणि हातरिक्षा. पुढे एक जण दांडी धरून ओढतो, मागून दोघे ढकलतात. उतार आला की मागचे दोघे उलट खेचून धरतात आणि पुढचा टाचा रोवत उतरतो. लाल मातीत, मोठमोठ्या दगडांवरून, पावसात चिखलातून. दम्याचा त्रास होऊनही हे काम सोडता न आलेली माणसे इथे आहेत, कारण दुसरे काम नाही. परवानाधारक हातरिक्षा ९४. त्यांच्या चालकांनी ई-रिक्षासाठी वर्षानुवर्षे लढा दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर मंजुरी दिली आणि त्या डिसेंबरात ई-रिक्षा धावू लागल्या. शाळेच्या मुलांचे आणि म्हाताऱ्यांचे हाल पहिल्यांदाच कमी झाले. अश्वपालांनी विरोध केला, आणि त्यांची भीती खोटी नाही. साडेचारशेच्या आसपास घोड्यांवर त्यांची घरे चालतात. रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवले की घोड्याची नाल घसरते ही त्यांची तक्रार, तर ब्लॉक नसतील तर दर पावसाळ्यात माती वाहून झाडांची मुळे उघडी पडतात हा दुसरा पक्ष. दोघांचेही म्हणणे त्या रस्त्यावर चालून पाहिल्यावर पटते.

६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने निकाल दिला. माणसाने माणसाला ओढणे ही अमानवी प्रथा आहे, ती सहा महिन्यांत बंद करा. गुजरातेतल्या केवडियाच्या धर्तीवर सरकारने ई-रिक्षा विकत घेऊन हातरिक्षा ओढणाऱ्यांना भाड्याने द्याव्यात आणि निधी नाही ही सबब चालणार नाही. पेव्हर ब्लॉकना दस्तुरी ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत परवानगी, आतल्या रस्त्यांवर आणि रानवाटांवर नाही. मुदत फेब्रुवारी २०२६ पर्यंतची होती.

निकालातली एक सूचना बातम्यांत फारशी आली नाही. हातरिक्षावाल्यांना दिल्यानंतर उरलेल्या ई-रिक्षा आदिवासी महिलांना आणि इतर स्थानिकांना द्याव्यात, असे न्यायालयाने सुचवले आहे. खरे हातरिक्षावाले कोण आणि एकूण किती ई-रिक्षा लागतील, हे माथेरानच्या देखरेख समितीने ठरवायचे आहे. समितीपुढे हॉटेलांचे म्हणणे जाईल, अश्वपालांचे जाईल, हातरिक्षा संघटनेचे जाईल. आसलवाडीच्या बाईचे म्हणणे तिथवर पोचवायचे तर समितीने वाड्यांमध्ये जाऊन बैठक घेतली पाहिजे आणि परवान्याचे अर्ज तिथेच भरून घेतले पाहिजेत.